‘हुशार असेल तर अमेरिकेत फुकट’ म्हणणाऱ्यांसाठी

शिळोप्या :
परवा इथे एकांनी छातीठोकपणे लिहिलं, "मुलगा खरोखर हुशार असेल तर बारावीनंतर अमेरिकेत फुकट शिकतो. पैसे भरतात ते मध्यम मुलांचे आईबाप." त्याखाली ‘अगदी बरोबर’, ‘शंभर टक्के सहमत’ यांचा पाऊस. लिहिणाऱ्यांच्या भाच्याला एमएसला असिस्टंटशिप मिळाली होती, एवढ्या भांडवलावर हा सिद्धान्त. सोडून देणार होतो, पण ते वाचून शेजारच्या काकू मुलाला ‘तुला फुकट का नाही मिळत?’ म्हणून टोचायला लागल्यात, म्हणून लिहितो.

एमएस-पीएचडी इथे आणूच नका. तिथे प्राध्यापकाला कामाला माणूस हवा असतो, पैसे त्याच्या ग्रँटमधून किंवा विभागाकडून निघतात. बारावीच्या पोराला कोण टीए, म्हणजे शिकवण्यात मदतनीस करणार? 2023-24 मध्ये अमेरिकेत आपले 3 लाख 31 हजार विद्यार्थी होते, त्यांत पदवी अभ्यासक्रमाला फक्त 36 हजार. म्हणजे आपल्याला सल्ले देणारे जवळपास सगळे एमएसवाले.

आता पैशाचं. आयव्ही लीगमधलं (हार्वर्ड, येल वगैरे आठ जुनी खासगी विद्यापीठं) एकही विद्यापीठ मार्कांवर स्कॉलरशिप देत नाही. एकही नाही. देतात ते घरची ऐपत बघून. आणि परदेशी मुलाला प्रवेश देताना ‘याला पैसे लागणार आहेत’ हे मनात न आणणारी विद्यापीठं बोटांवर मोजण्याइतकी : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट, 2022 पासून डार्टमथ, 2025 च्या बॅचपासून ब्राउन, अशी आणखी दोन-तीन. स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन धरून बाकीच्या ठिकाणी अर्जात ‘आर्थिक मदत हवी का?’ या चौकटीत ‘हो’ लिहिलं की दार अरुंद होतं. आणि ‘नाही’ लिहून आत शिरलात, तर बऱ्याच ठिकाणी पुढची चारही वर्षं मागता येत नाही. बर्कली, यूसीएलए ही तर सरकारी विद्यापीठं, परदेशी मुलाला गरजेवर मदत मिळेल ही आशाच सोडा. मेरिटवर पैसे देणारी आहेत, पण त्यांची नावं तुमच्या सोसायटीत कोणी ऐकलेली नसतात, आणि तिथेही बहुधा फी कमी होते, शून्य नाही. नावाजलेल्या खासगी विद्यापीठाचा खर्च वर्षाला 90 हजार डॉलरच्या आसपास. चार वर्षांचे तीन कोटी म्हणा.

तेव्हा पैसे भरणाऱ्याचा मुलगा मध्यम आणि फुकट शिकणारा हुशार, हे डोक्यातून काढा. पैसे भरणारा बाप श्रीमंत असतो, एवढंच त्यातून कळतं.

न्यूजर्सीची_आत्या :
बापरे, केवढा तो राग! मुद्दे बरोबर आहेत, पण सूर असा की वाचून एखादी हुशार मुलगी अर्जच करणार नाही. माझ्या नणंदेच्या ओळखीतली नाशिकची मुलगी. वडील एसटीत. ती एका छोट्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजात आहे, फी, राहणं, जेवण सगळं कॉलेज देतं. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात तर कोणाकडूनच ट्यूशन फी घेत नाहीत. हार्वर्डनं 2025 पासून वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांना सगळंच माफ केलंय. आपल्याकडची किती घरं त्यात बसतात, करा हिशोब.

शिळोप्या :
हिशोब करतो की. बसतात जवळपास सगळीच. फक्त आधी हार्वर्डनं घ्यायला हवं. एमआयटीत परदेशी अर्जदारांतल्या शंभरात जेमतेम दोघांना जागा मिळते. तुमची नाशिकची मुलगी खरी आहे, तिच्यामागे नकार मिळालेल्या मुलींची रांगही खरी आहे. त्यांच्या ओळखीतली आत्या इथे लिहायला येत नाही.

कोथरूडकर :
या सगळ्यात कन्सल्टंट नावाच्या जमातीबद्दल कोणीच का बोलत नाही? आमच्या मुलाच्या अर्जासाठी पुण्यातल्या एकाला जे मोजले, त्यात इथल्या इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांची फी निघाली असती. नवव्या दिवशी फोन, "मुलाची पॅशन काय?" म्हटलं, झोप. मग त्यांनीच ठरवलं, ‘ग्रामीण भागात रोबोटिक्स’. मुळशीत एका शाळेत जाऊन फोटो काढले, वेबसाइट झाली, मुलगा ‘संस्थापक’ झाला. त्याच महिन्यात त्याच कन्सल्टंटकडची अजून काही मुलं तशाच संस्थांची संस्थापक झाली. कॉमन अ‍ॅपमध्ये (बऱ्याच विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) उपक्रमांच्या दहा ओळी असतात, एकेका ओळीला 150 अक्षरं. त्या भरण्यासाठी मुळशीतल्या पोरांना किती वेळा एकच रोबोट दाखवला असेल देव जाणे.

वर ‘अर्ली डिसिजन टाका, चान्स वाढतो’ म्हणून मागे लागले. त्यात मिळालं की जावंच लागतं, बाकीचे अर्ज मागे. मदत पुरेशी नसेल तर तेवढ्याच कारणानं सुटका. म्हणजे किती पैसे मिळणार हे कळायच्या आत सही. घासाघीस करायला हातात दुसरं पत्रच नाही!

शिळोप्या :
यूएसआयईएफच्या (भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठान) मुंबईतल्या कार्यालयात एज्युकेशन यूएसएचा सल्ला मिळतो, तो अमेरिकी सरकारचा उपक्रम आहे. तिथे आधी गेला असतात तर...

कोथरूडकर :
‘असतात तर’ नंतरचं सगळं आमच्या घरी रोज ऐकवलं जातं. तुम्ही नका सांगू.

सांगलीचा_पाव्हणा :
कन्सल्टंट परवडला ही तुमची चैन. आमच्याकडं कॉलेजला ‘शिफारस पत्र पाहिजे’ म्हणून सांगितलं तर क्लार्कनं बोनाफाइड दिलं. छापील, मध्ये रिकाम्या जागा, ‘बेअर्स अ गुड मॉरल कॅरॅक्टर टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज’, खाली गोल शिक्का. म्हटलं साहेब, हे नाही, पोरगीबद्दल दोन पानं लिहून पाहिजेत. तर म्हणतो, "हिच्यावर एसटीचा पास निघतोय, अमेरिका का नाही निघणार?" नववी ते बारावी ट्रान्सक्रिप्ट मागितलं तर नववीच्या शाळेकडं बोट. शाळेचा ईमेल आयडी विचारला तर प्राचार्यांच्या मुलाचा जीमेल मिळाला.

शेवटी पत्र पुतणीनंच लिहिलं. सरांनी वाचलं, ‘छान’ म्हणाले, ओटीपी सांगितला, तिनंच अपलोड केलं. झालं काम. सगळेच करतात.

न्यूजर्सीची_आत्या :
‘झालं काम’? अहो भाऊ, ही सरळ सरळ बनवाबनवी आहे. अर्जात मुलीनं एका चौकटीवर खूण केली असणार, की शिफारस पत्रं बघण्याचा हक्क मी सोडते आहे. आणि पत्र तिनंच लिहिलेलं! उद्या एका ओळीवरून शंका आली तर प्रवेश रद्द होतो, पदवी मिळाल्यावरसुद्धा काढून घेऊ शकतात. 2024 मध्ये पेनसिल्व्हेनियात लीहाय विद्यापीठातला आपल्याकडचाच मुलगा आठवा. मार्कशीट खोट्या, जिवंत वडिलांचा मृत्यूचा दाखला खोटा, पूर्ण स्कॉलरशिप. मग रेडिटवर नाव न घालता स्वतःच बढाई मारली आणि सापडला. अटक, गुन्हा कबूल, परत पाठवणी. अशा एकामुळे पुढच्या वर्षी आपल्या प्रत्येक मुलाचा कागद दोनदा तपासतात.

सांगलीचा_पाव्हणा :
ताई, बाप मेला म्हणून दाखला काढणारा आणि सरांना इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून स्वतः मसुदा करणारी पोरगी, हे दोघं तुम्हाला एकच दिसतात? न्यूजर्सीतून सगळं एकसारखंच दिसत असेल. तुमच्या शाळेत कौन्सेलर असतो, त्याचा पगारच त्यासाठी. आमच्या कॉलेजात कौन्सेलर म्हणजे नापास झाल्यावर ‘काही होत नाही रे’ म्हणणारा शिपाई.

कोथरूडकर :
नीतिमत्तेवरून आठवलं. 2019 चा ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रवेश घोटाळा विसरलात का आत्याबाई? व्यायामाच्या यंत्रावर बसवून फोटो काढले आणि पोरींना नौकायनपटू म्हणून घुसवलं. लाखो डॉलर देऊन. आणि माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना मिळणारं झुकतं माप तर बऱ्याच ठिकाणी राजरोस चालतं. आम्हाला शिकवायला निघालेत.

न्यूजर्सीची_आत्या :
त्या नौकायनवाल्यांचे आईबाप तुरुंगात गेले, हे सोयीस्करपणे गाळलंत. आणि मी शिकवत नाहीये. माझा मुलगाही इथल्या सरकारी शाळेतला. कौन्सेलरकडे शेकड्यांनी मुलं, त्याला ह्याचं नावही धड घेता येत नव्हतं. तरी मुलाचं पत्र कौन्सेलरनंच लिहिलं, कसं का असेना.

निवृत्त_मास्तर :
इतका वेळ वाचत होतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. ‘सरांना इंग्रजी येत नाही’ हे वाचून बोलणं भाग आहे.

एका तुकडीत 120 मुलं. त्यातली निम्मी ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे नाव आमच्या हजेरीपटावर आणि मुलगा क्लासमध्ये. तो उगवणार बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या आधी, जर्नलवर सह्या मारून घ्यायला. चेहरा पहिल्यांदा तेव्हा दिसतो. आणि तोच मुलगा ऑक्टोबरात येऊन म्हणणार, "सर, माझ्या बौद्धिक कुतूहलाबद्दल लिहा." कुठलं कुतूहल? हजेरीत सूट मिळेल का, याचं?

त्या फॉर्मात शिक्षकाला विचारलेलं असतं, या विद्यार्थ्याचं वर्णन करताना पहिले कोणते शब्द सुचतात. ‘गैरहजर’ लिहू? खाली रकाने असतात, सरासरी, चांगला, उत्तम, करत करत ‘माझ्या कारकिर्दीतल्या मोजक्यांपैकी’. पालक शेजारी उभे राहून त्या शेवटच्या रकान्याकडे बोट दाखवतात. एका गृहस्थांनी पेढ्यांचा पुडा आणला होता, निकालाच्या आधी.

ज्या मुलांनी वर्गात बसून मला भंडावलं, त्यांची पत्रं मी स्वतः लिहिली, रात्री बसून. इंग्रजी साधं होतं. एक मुलगी डायोडचा प्रयोग बिघडला की आकडे बनवायची नाही, ‘आला नाही’ असंच जर्नलात लिहायची. तेच लिहिलं. तिला प्रवेश मिळाला. पत्रामुळे मिळाला असं मी म्हणत नाही.

सांगलीचा_पाव्हणा :
मास्तर, तुमच्यासारखे आमच्याकडं असते तर वादच नव्हता. पण आमची पुतणी रोज कॉलेजात बसायची, क्लास वगैरे काही नाही. तिची काय चूक? सरांना वेळ नाही, त्यांना निवडणूक याद्यांचं काम दिलेलं.

निवृत्त_मास्तर :
याद्यांचं खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मुलीनं मुद्दे लिहून द्यावेत, पत्र त्यांनी लिहावं, मोडकंतोडकं, हवं तर मराठीत, आणि कोणा तिसऱ्याकडून भाषांतर. तेवढं सांगायला कुणी गेलं होतं का त्यांच्याकडे?

सांगलीचा_पाव्हणा :
नाही गेलं. बरं. धाकट्याच्या वेळी जातो. खूश?

शिळोप्या :
धागा पैशांचा होता, शिफारस पत्रांनी खाऊन टाकला. असो. एक राहिलंच. प्रवेश मिळाला, मदत मिळाली, तरी बीकेसीतली अमेरिकी व्हिसाची खिडकी आहेच. 214-बी खाली, म्हणजे ‘शिकून परत जाशील याची खात्री पटली नाही’ म्हणून, नकार दिला की अपील करायची सोय नाही. मे 2025 अखेरीस विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणंच थांबवलं, जूनमध्ये सुरू केलं ते सोशल मीडिया खाती सगळ्यांना खुली करण्याच्या अटीवर. आय-20 (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) हातात घेऊन बसलेल्या मुलांचे ते तीनेक आठवडे कसे गेले, हे ‘हुशार असेल तर’ वाल्यांनी सांगावं.

न्यूजर्सीची_आत्या :
हे मात्र मान्य. आमच्याकडे उतरणार होती ती मुलगी ऑगस्टपर्यंत लटकली होती. हुशारीचा काही उपयोग झाला नाही तिला.

सांगलीचा_पाव्हणा :
भांडण पुरं. मला एक सांगा. धाकट्यासाठी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदत मागायचा ऐपतीचा फॉर्म, भरायचंय. त्यात जमीन, घर सगळं विचारतात. आमच्या सातबाऱ्यावर आठ नावं आहेत, वाटणी झालेली नाही. किंमत काय लिवायची? पूर्ण लिवली तर आम्ही जमीनदार.

शिळोप्या :
फक्त धाकट्याच्या वडिलांच्या वाट्याची, अंदाजानं. रुपयांतच भरता येतं. विशेष परिस्थितीसाठी शेवटी मोकळी जागा असते, तिथे स्पष्ट लिहा की वाटणी झालेली नाही आणि एकट्याला विकता येत नाही. सातबारा आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर तयार ठेवा. लपवू मात्र नका.

कोथरूडकर :
म्हणजे आम्ही हप्ते भरून घेतलेल्या फ्लॅटची किंमत दीड कोटी म्हणून आम्ही श्रीमंत, आणि यांचं उत्पन्न करमुक्त, वर गरजू. वा!

सांगलीचा_पाव्हणा :
या की मग. ऊस तोडायला माणसं मिळंनात.