रेंज नसलेल्या वाडीत ई-पीक पाहणी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या अंगाला आमची वाडी आहे. पिकं म्हणजे भात, नागली, थोडी वरई. जमीन एकर-दीड एकर, तीही सामाईक खात्यात. खरिपाच्या पीक पाहणीची (शेतकऱ्यानंच ॲपवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवायची) शेतकरी स्तरावरची मुदत संपत आलीय आणि निम्म्या घरांची नोंद अजून राहिलीय.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये हे ॲप आलं तेव्हा आता तलाठ्याची वाट बघायला नको म्हणून बरं वाटलं होतं. पण फोटो त्या गटात (त्या गट नंबरच्या जमिनीत) उभं राहूनच काढावा लागतो आणि रेंज मिळते वर खिंडीत. काल शेजारच्या काकूंच्या खाचरात गेलो तर जीपीएस आम्हाला बांधापलीकडच्या गटात दाखवत होतं. गुडघाभर चिखलात, भर पावसात फोन धरून उभे राहिलो, तरी जागा काही धरेना.

काकूंकडे बटणाचा फोन. काका वारल्यावर त्यांचं सिम बंद पडलं, पण काकूंच्या आधारला तोच नंबर आहे. त्यामुळे फार्मर आयडीसाठी (शेतकऱ्याच्या सरकारी ओळख क्रमांकासाठी) ओटीपी येत नाही. अंगठा द्यावा तर आवणी (भाताची लावणी) करून बोटं इतकी झिजलीत की मशीन घेत नाही. आयडी नाही म्हणून महाडीबीटीचा (सरकारी योजनांच्या पोर्टलवरचा) अर्जही अडलाय, आणि तिथं आता लॉटरी नाही, जो आधी अर्ज करेल त्याला प्राधान्य. ज्याच्या घरात रेंज त्याचाच नंबर आधी लागणार, हे मला अजिबात पटत नाही.

सातबाऱ्यावर भात लागलं नाही तर खरेदी केंद्रावर नाव नोंदवता येणार नाही. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. खळ्यावर येणारा व्यापारी त्याच्या जवळपासही जात नाही.

खाचरात ऑफलाइन फोटो काढून खिंडीतून अपलोड कुणी केलंय का? गट चुकीचा दाखवला तर काय करता? एका फोनवरून अनेक खातेदार घेता येतात, माझा फोन मी वाडीसाठी द्यायला तयार आहे. पण सामाईक खात्यात ज्याचं त्याचं क्षेत्र कसं भरायचं? मुदतीनंतर पीक पाहणीसाठी नेमलेले सहायक नोंद करतात, त्यांना वाडीवर आणायला अर्ज तलाठ्याकडे द्यायचा की तहसीलला?

'सेतूत जा' एवढंच कृपया सांगू नका. राजूरला जाऊन यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, आणि सर्व्हर बंद असला की दुसरा दिवसही जातो. काकूंचं आधारचं काम एका फेरीत व्हावं म्हणून सोबत कोणती कागदपत्रं न्यावीत, तेही कुणाला माहीत असेल तर लिहा.