दोन केबल टाकूनही आवाज का गेला?

खामल्याचा साऊंडवाला:
परवा नागपुरातच गाण्याचा कार्यक्रम होता. विंगेतल्या स्टेजबॉक्सपासून (माइक जोडायची पेटी) मिक्सरपर्यंत डांटे, म्हणजे नेटवर्क केबलवरून आवाज नेणारी यंत्रणा. तिच्या दोन लाइन, प्रायमरी आणि जोडीची सेकंडरी; दोघींना वेगवेगळे नेटवर्क स्विच. मध्यंतरानंतर बंदिश रंगात आली आणि आवाज गेला. दीडेक मिनिटानं आपोआप परत आला. ताई तोवर नुसत्या तंबोऱ्यावर गात राहिल्या. रात्री मला झोप लागली नाही. दोन्ही केबल टेस्टरवर ठीक दाखवून राहिल्या. मग सेकंडरीनं सांभाळलं का नाही?

धंतोली स्टुडिओ:
भाऊ, दोन्ही स्विचला वीज कुठून होती?

खामल्याचा साऊंडवाला:
विंगेतल्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून.

धंतोली स्टुडिओ:
तिथंच पाहा. प्लगला कोणाचा तरी पाय लागला असेल. दोन्ही स्विच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला तेवढा वेळ लागतोच.

डांटेत सेकंडरी काही राखीव बसून नसते. तोच आवाज दोन्ही नेटवर्कवरून सतत जात असतो, म्हणून एक बाजू मेली तरी कानाला कळत नाही. टीव्हीवाल्यांच्या एसएमपीटीई 2022-7 या मानकातही हेच: दोन्हीकडच्या पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यावर) नंबर सारखाच, इकडचं हरवलं तर त्याच नंबरचं तिकडचं घ्यायचं. पण दोन्ही वाटा वेगळ्या हव्यात, विजेसकट. एक स्विच यूपीएसवर लावा, दुसरा वेगळ्या सर्किटवर. केबल एक डाव्या भिंतीनं, एक उजव्या. प्रत्येक 100 मीटरच्या आत. दोन स्विच एकमेकांना पॅच कॉर्डनं जोडू नका. आणि डांटे कंट्रोलर सॉफ्टवेअरमध्ये मोड ‘रिडंडंट’ आहे ना, ते बघा. ‘स्विच्ड’ असेल तर दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्कचे होतात.

लाइव्हवाला, मानेवाडा:
वीजच नाही, खड्डाही पाहा. मी स्ट्रीमिंगसाठी दोन कंपन्यांचं फायबर घेतलं होतं. सिमेंट रोडच्या खोदकामात दोन्ही एकाच दिवशी तुटले, कारण नालीच एक होती. आता दुसरी लाइन मोबाईल डेटाची ठेवतो.

खामल्याचा साऊंडवाला:
मोड ‘रिडंडंट’च निघाला. आज गोदामात सगळं मांडलं. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावून डोळे मिटून बसलो आणि पोराला सांगितलं, मनाला येईल तेव्हा प्रायमरी ओढ. कधी ओढली ते कळलंच नाही. मग एका स्विचची वीज काढली, तरी सूर तुटला नाही. शनिवारी त्याच ताईंचा कार्यक्रम आहे. दोन्ही प्लग मी स्वतः टेप लावून बांधणार.