एएलएस: बाबा अजून तोंडाने जेवतात, पोटात नळी आताच घालावी का?

सांगलीकर:
बाबा 63 वर्षांचे. मागच्या दिवाळीत चालताना उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मणक्यातली गादी सरकलीय म्हणून सहा महिने फिजिओ केली. मग दंडाचं मांस आपोआप फडफडताना दिसलं, ईएमजी (नसा-स्नायूंची विजेची तपासणी) झाली आणि एएलएस कळलं, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. आजार थोडा मंदावणारी रिलुझोल 50 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन वेळा चालू आहे. आता जीभ जड झालीय, चहा पिताना ठसका लागतो. डॉक्टर पेग नळी (पोटाला छिद्र करून थेट जठरात अन्न द्यायची) घाला म्हणतात. आई म्हणते, जेवतोय माणूस, नळी म्हणजे शेवटच. काय करावं?

नाशिकची काकू:
अरे, मीही हेच म्हणत होते. ह्यांना वाटीभर मऊ वरणभात खायला दीड तास लागायचा. घास गालातच राहायचा, मी बोटाने काढायची. तरी "जेवतायत ना" म्हणत चार महिने घालवले. 11 किलो वजन उतरलं, आणि तोवर पीएफटीत (फुप्फुसांच्या चाचणीत) फुंकायची ताकद नॉर्मलच्या 50 टक्क्यांखाली गेली. मग नळी घालायची म्हटल्यावर डॉक्टरच धास्तावले, कारण श्वास कमजोर झाला की धोका वाढतो. त्यामुळे भूक बघून ठरवू नका, श्वास बघून ठरवा. नळी घातल्यावरही गिळता येईल तेवढं चाखता येतं, डॉक्टरांना विचारून. आमच्याकडे शिऱ्याचं बोट जिभेवर लावायचो, डोळे कसे लकाकायचे त्यांचे!

रात्री आडवं झाल्यावर धाप लागते का, सकाळी डोकं दुखतं का, हे विचारत राहा. तसं असेल तर डॉक्टरांशी बायपॅपचं (मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन) बोला. मनाने घरी नुसता ऑक्सिजन लावू नका, त्याने शरीरात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो.

आणि त्यांचा आवाज आजच रेकॉर्ड करा. माझ्याकडे ह्यांचा आवाज फक्त 11 सेकंदांचा उरलाय. मंडईतून पाठवलेला, "अगं, कोथिंबीर दोन जुड्या आणू का?" रोज ऐकते.

पेशंट, ठाणे:
डोळ्यांनी टाइप करतो, म्हणून थोडक्यात. नळी घालून 2 वर्षं झाली. आधी प्रत्येक घासाला जीव मुठीत असायचा, ती भीती गेली. दर वेळी फीडनंतर कोमट पाण्याने नळी धुवा, नाहीतर तुंबते. अजून एक. मी कधी कधी कारण नसताना रडतो किंवा हसतो. हाही आजाराचाच भाग आहे आणि त्यावर औषध असतं. बाबांचं तसं झालं तर घाबरू नका. आणि निर्णय बाबांना विचारून घ्या. डोकं बहुतेकांचं शाबूत असतं.

सांगलीकर:
काकू, दादा, आईला सगळं वाचून दाखवलं, बाबांसमोरच. बाबांनी मान हलवली. पीएफटी गुरुवारी आहे. आज त्यांच्याकडून घरातल्या प्रत्येकाला हाक मारून घेतली, रेकॉर्ड केली. आईच्या नावाला ठसका लागला, तोही तसाच ठेवलाय.