अनुभव धागा: शाळेतलं वायफाय, गावातला टॉवर आणि लेकरांच्या हातातला मोबाईल

खेड्यातल्या पालकसभेत हल्ली दोन प्रश्न जोडीनंच येतात. टॉवरचं, वायफायचं रेडिएशन लेकरांना बाधतं का? आणि टीव्ही-मोबाईलवर शिकून डोळे बिघडतात का? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, उपायही वेगळे. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांनी लिहावं. "काळजी घ्या" एवढं नको. किती फूट, किती मिनिटं, कोणती तार, अर्ज कुठे, ते सांगा.

टॉवर देखभाल तंत्रज्ञ, यवतमाळ जिल्हा

टॉवरवरचे अँटेना समोर आणि किंचित खाली झुकवलेले असतात. त्यामुळे मुख्य झोत पायथ्याशी पडत नाही, बराच पुढे जाऊन जमिनीला टेकतो. टॉवर शाळेला लागून आहे म्हणून तिथे सगळ्यात जास्त, हा हिशोब चुकतो. बघायचं ते हे की अँटेनाच्याच उंचीवर, अगदी समोर, एखादी माडी किंवा गच्ची येते का.

१ सप्टेंबर २०१२ पासून भारतातली टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणलेली आहे. लहरींच्या वारंवारतेनुसार ती बदलते: ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर, १८०० ला ०.९, आणि २००० च्या वर १. शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर जा. नाव, मोबाईल, ईमेल भरला की ओटीपी येतो, मग नकाशावर शाळेची जागा धरायची. आजूबाजूचे टॉवर आणि ते नियमात बसतात का, हे दिसतं. प्रत्यक्ष मोजणी हवी तर ४,००० रुपये शुल्क आहे. एकट्या पालकानं भरण्यापेक्षा ग्रामपंचायतीनं भरलेलं बरं.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. लाईन गेली की टॉवरचं डिझेल जनरेटर चालतं. त्याचा धूर आणि आवाज वर्गात येत असेल तर तो त्रास आजचा आहे आणि डोळ्यांना दिसणारा आहे. सायलेन्सरचं तोंड शाळेच्या उलट दिशेला करून घ्या, लेखी मागा.

इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे शिक्षक, वर्धा

वायफायचं गणित मांडतो. साध्या राउटरची ताकद ०.१ वॅटच्या आसपास. एक मीटरवर ती साधारण ०.००८ वॅट प्रति चौरस मीटर उरते, तीन मीटरवर ०.०००९. वायफाय २००० मेगाहर्ट्झच्या वर चालतं, म्हणून मर्यादा १ आहे. अंतर दुप्पट केलं की प्रमाण चौथाई होतं. म्हणून राउटर बाकाशेजारी न ठेवता दाराच्या वर, सात-आठ फुटांवर लावा, बास.

मोबाईलचं उलट आहे. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट फेकतो, पण तो कानाला किंवा पोटाला चिकटलेला असतो. आणि नेटवर्क जितकं कमजोर तितका फोन जोर लावतो. आपल्याकडे टिनाच्या छपराखाली, एका दांडीच्या नेटवर्कवर, शिक्षकाच्या फोनचा हॉटस्पॉट करून वर्ग चालतो. तिथे लेकरांच्या सगळ्यात जवळचा स्रोत तोच फोन. तो टेबलावर लेकरांच्या घोळक्यात ठेवू नका, खिडकीच्या चौकटीत ठेवा. सिग्नल सुधारतो, फोनचा जोर उतरतो आणि अंतरही वाढतं.

फोनचा एसएआर, म्हणजे शरीर किती लहरी शोषतं त्याचा आकडा, बघायला डायलरवर *#०७# दाबा. आपल्याकडची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या लहरी '२बी' गटात टाकल्या, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक', पुरावा मर्यादित. सिद्ध झालं असं सांगून पालकांना घाबरवणं चूक, आणि काहीच नाही असं ठासून सांगणंही चूक. अंतर वाढवायला पैसा लागत नाही, तेवढं नक्की करा.

नेटवर्क आणि वायरिंगचं काम, वाशिम

ज्यांना वायफाय नकोच त्यांनी तार टाका. कॅट-६ (नेटवर्कची तार), शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार कोपऱ्यात वाकवली की आतून तुटते आणि दोष सापडता सापडत नाही. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर लेकरांचा पाय अडकला की पिन सुटतात. तार पीव्हीसी पाइपातूनच न्या, उंदीर सोडत नाहीत. मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वायरलेस बंद करा. बऱ्याच राउटरला मागे बटणही असतं.

दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नका. मृगातल्या विजा पडल्या की दोन्हीकडचे पोर्ट जळतात. तिथे फायबर (काचेची तार) टाका.

जि. प. शिक्षिका, बुलढाणा

मुळात डिजिटल वर्गाला रोज नेट लागत नाही. सरकारच्या दीक्षा ॲपमधले पाठ आधी उतरवून ठेवता येतात. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर एमपी४ मध्ये घ्या. पेन ड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तुकडे करा.

४३ इंची टीव्ही असेल तर पहिली रांग सात फुटांवर, शेवटची पंधरा-सोळा फुटांच्या आत. शेवटच्या रांगेला पडद्यावरचं अक्षर वाचता यायला ते किमान अडीच सेंटिमीटर उंच हवं. खिडकीसमोर टीव्ही लावला की पडद्यावर अंगणच दिसतं आणि पोरं डोळे बारीक करून बसतात. सलग पंधरा-वीस मिनिटं दाखवा, मग पडदा बंद, वही उघडा. केंद्राच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांतही पहिली ते आठवीला ऑनलाइन तासाची दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं होती.

एक माय, अकोट तालुका

आमच्या इकडं वेचणीच्या दिवसात माय-बाप दोघंबी वावरात. लहान पोट्टं मोठ्या बहिणीच्या अंगावर अन् मोबाईल त्याच्या हातात. शाळेतली अर्धा तास टीव्ही काय घेऊन बसले, घरचा हिशोब पाहा आधी. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा. सेटिंगमधी डिजिटल वेलबीइंग रायते, तिथं यूट्यूबले तीस मिनिटाचा टायमर लावा. त्याहून बेस म्हंजे दोन गोष्टी उतरवून ठेवायच्या अन् डेटा बंद करायचा. गोष्ट सरली का पोट्टं आपोआप अंगणात जाते.

नेत्र तपासणीचं काम, ग्रामीण रुग्णालय, चंद्रपूर जिल्हा

ताईंनी अंगण म्हटलं, तेच खरं औषध. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं. २०१५ मध्ये निकाल छापला गेला: तीन वर्षांत दूरचं कमी दिसू लागलेली मुलं ३०.४ टक्के, बाकीच्या शाळांत ३९.५. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर काढा.

दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त तासभर, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. मोठ्यांना दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडचं झाड बघायला लावा. मोबाईल कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतराहून जवळ नको.

शाळेतच तपासा: डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता सहा मीटरवर, उजेडात, मुलाच्या नजरेच्या उंचीला. एकेक डोळा तळहातानं झाका, पण दाबू नका, दाबलेला डोळा नंतर काही वेळ धुरकट बघतो. तक्त्यावरची ६/९ खुणेची ओळ वाचता येत नसेल तर पाठवा. फळ्यावरचं सोडून शेजारच्या वहीतून उतरवणारं, मान तिरपी करणारं पोर आधी तपासा. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांना यादी तयार द्या. शाळेतल्या मुलांना चष्मा सरकारी योजनेतून मोफत मिळतो. डोळे लाल झाले, खाजले म्हणून मेडिकलमधून थेंब आणू नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं, महिनोन् महिने घातलं की काचबिंदू होतो आणि गेलेली नजर परत येत नाही.

शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, गोंदिया जिल्हा

तोंडी तक्रारीनं काही हलत नाही. समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात, मासिक सभेत विषय घ्या आणि ठराव प्रोसिडिंगला लिहून सह्या करा. ठराव असा चालतो: "गृहपाठ फळ्यावरून वहीत दिला जाईल. व्हॉट्सॲपवर फक्त पालकांसाठी सूचना, त्याही संध्याकाळी सातच्या आत. डिजिटल तासाची नोंद वर्गाच्या वहीत मिनिटांसह होईल. राउटर शाळा सुटल्यावर बंद." गृहपाठाचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. शाळाच गृहपाठ मोबाईलवर पाठवते तेव्हा लेकराला फोन मागायला कारण मिळतं आणि आईला नाही म्हणता येत नाही. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांकडे द्या, पोच घ्या.