संगणकशास्त्रात पीएचडी: पाच वर्षं घालावीत का?

शेंगदाणा: बी.टेक.चं शेवटचं सत्र. पुण्यातल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, गेटचा स्कोअरही बरा आलाय. 75 टक्क्यांच्या वर असल्याने थेट पीएचडीला अर्ज करता येतो. डेटाबेसमध्ये मनापासून रस आहे. बाबा मात्र शैक्षणिक कर्जाचा हप्ता दाखवतात. काय करावं?

जुना कोडर: नोकरी धर. फेलोशिप सुरुवातीला महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडे भत्ता. यात हप्ता कसा भरणार? आणि पुढे तरी काय? विद्यापीठात सहायक प्राध्यापकाला पीएचडी सक्तीची, असं यूजीसीने 2018 मध्ये ठरवलं, 2021 ची मुदत 2023 वर ढकलली आणि जुलै 2023 पासून सक्ती काढूनही टाकली. नेट-सेट झालेलं असलं की पुरे. माझ्या ओळखीचे एक डॉक्टरसाहेब अजून तासिका तत्त्वावर शिकवतात. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून मानधनही नाही.

रात्रपाळी: पगाराच्या पावतीवर संशोधन मोजायचं असेल तर बोलणंच खुंटलं. नीरज कयाल आणि नितीन सक्सेना आयआयटी कानपूरला नुकतेच बी.टेक. झाले होते, तेव्हा 2002 मध्ये तिथले प्राध्यापक मणींद्र अग्रवाल यांच्याबरोबर त्यांनी मूळ संख्या ओळखायची बहुपदी वेळेतली (म्हणजे संख्या कितीही मोठी झाली तरी वेळ आवाक्यात राहणारी) रीत काढली. जगभर गाजली. आणि पैशांचंच म्हणाल, तर पंतप्रधान संशोधन फेलोशिप 2018 ला सुरू झाली तीच 70,000 वर.

जुना कोडर: अहो, ती किती जणांना मिळते? आणि कयाल-सक्सेना दर वर्षी निघतात का?

वऱ्हाडी: मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. रोजचं सांगतो. सामायिक सर्व्हरवर रांग लावून प्रयोग चढवायचा; पहाटे बघावं तर कुणीतरी आपला चालू प्रोग्राम बंद पाडलेला. पेपर परत आला, प्रयोग वाढवून पुन्हा पाठवेपर्यंत दुसऱ्या गटाने तीच कल्पना अरकाइव्हवर (छापून येण्याआधीच पेपर टाकायची साइट) टाकली. तेव्हा गाईडने सांभाळून घेतलं म्हणून टिकलो. संस्थेच्या नावावर भाळू नकोस. त्या गाईडकडून मधेच सोडून गेलेल्यांना गाठ आणि का सोडलं ते विचार. पास झालेले गोडच बोलतात.

शेंगदाणा: गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. आधी दोन वर्षं नोकरी करून कर्ज फेडलं तर?

जुना कोडर: हेच कर.

रात्रपाळी: आमच्या बॅचचेही असंच म्हणून गेले होते. सगळ्यांचे आता हिंजवडीत फ्लॅट आहेत, त्यांचे हप्ते वेगळेच.

वऱ्हाडी: फ्लॅट घेऊ नकोस म्हणजे झालं :)