मदत हवी आहे: लेदर सीट्स मेणचट झाल्यात, वरचं व्हिनाइलचं टॉप पांढुरकं पडलंय, दोन्हीला एकच बाटली चालेल का?

नमस्कार मंडळी, जुनी दोन सीटची कन्व्हर्टिबल, म्हणजे छत (टॉप) मागे दुमडता येणारी गाडी, घेतलीय. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं मेकॅनिककडून बघून झालंय, त्याबद्दल काही विचारायचं नाहीये. प्रश्न आतल्या लेदरचा आणि वरच्या टॉपचा आहे.

आधीच्या मालकाने सीट्सना कसलं तरी चमकवणारं लिक्विड वर्षानुवर्षं चोपडलेलं दिसतंय. लांबून बघितलं तर एकदम चकाचक, पण बोट फिरवलं की मेणचट लागतं आणि बोटाला काळपट थर येतो. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड आहे ना, जिच्यावरून घासत आपण आत बसतो, तिथे बारीक बारीक भेगा आहेत आणि नखाएवढ्या जागेत रंग उडून आतलं निळसर राखाडी काहीतरी दिसतंय. शेजारच्या सीटवर निळी छटा आहे, ती जीन्सची असणार.

टॉप काळं आहे, व्हिनाइलचं (रेक्झिनसारखं प्लास्टिक), निदान विकणाऱ्याने तरी तसं सांगितलं. वरून पांढुरकं, कोरडं, घडी पडते तिथे रेघा. मागची काच ही काच नाहीच, पारदर्शक प्लास्टिक आहे, पिवळट आणि धुरकट. आतल्या बाजूला शिलाईजवळ काळे ठिपके आणि टॉप उघडलं की कुबट वास येतो.

दुकानात ‘लेदर आणि व्हिनाइल दोन्हीसाठी’ अशी एकच बाटली मिळते. ती सीट्सना आणि टॉपला दोन्हीकडे लावली तर चालेल का? शिवाय कोणी म्हणतं तेल लावा, कोणी म्हणतं सॅडल सोप (घोड्याच्या खोगिराचा साबण), कोणी म्हणतं मॅजिक स्पंजने घासा, निळं जातं. वाचून वाचून डोकं फिरलंय. टॉप वाचेल की नवीनच घालावं लागेल, तेही सांगा.

प्रतिसाद १

मी तसलीच बाटली डॅशबोर्डपासून सीटपर्यंत सगळीकडे मारतो, काही होत नाही. एवढा विचार नका करू.

प्रतिसाद २

वरचे भाऊ, तुमच्या गाडीला उघडणारं टॉप आहे का? नसेल तर काही होणार नाहीच :)

धागाकर्ते, गाड्यांच्या सीट्स शिवायच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून जरा लांबण लावतो. आधी एक ध्यानात घ्या, हल्लीच्या गाड्यांच्या लेदरवर रंग आणि त्यावर पॉलीयुरेथेनचा पारदर्शक थर असतो. तुम्ही हात लावता तो त्या थराला, कातड्याला नाही. त्यामुळे तेल, क्रीम, कंडिशनर काहीही लावा, त्यातलं बरंचसं वरच राहतं, त्यात धूळ आणि घाम बसतो आणि तुम्ही म्हणताय तसं मेणचट होतं. चांगल्या स्थितीतलं गाडीचं लेदर मॅट दिसतं. चकाकतंय म्हणजे मळलंय किंवा कोणीतरी काहीतरी फासलंय, नव्यासारखं झालंय असा अर्थ नाही.

खात्री करायची तर सीटखाली न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. तसाच गोल उभा राहिला तर वर कोटिंग आहे, जिरून डाग गडद झाला तर कोटिंग नसलेलं लेदर आहे आणि मग मी खाली सांगतोय त्यातलं काही करू नका, आधी इथे विचारा.

कोटिंग असेल तर आधी व्हॅक्यूम, आणि तो शिवणीत नीट, कारण तिथे अडकलेली वाळू वरचा थर सॅंडपेपरसारखी घासत असते. मग गाडीच्या लेदरसाठीचा न्यूट्रल किंवा किंचित आम्लधर्मी क्लीनर घ्या. तो सीटवर फवारू नका, ब्रशवर घ्या. मऊ केसांचा ब्रश, भरपूर फेस, हलका हात, एका वेळी वीतभर जागा, आणि फेस वाळायच्या आत ओलसर मायक्रोफायबरने पुसून घ्या. तुमच्याकडे पहिलं फडकं कॉफीच्या रंगाचं निघेल, घाबरू नका, रंग जात नाहीये. तरी मधेमधे बघत राहा, फडक्यावर सीटचाच रंग यायला लागला तर थांबायचं. सीटला बारीक भोकं असतील तर पाणी कमीत कमी, आत फोम भिजला की वाळता वाळत नाही.

सॅडल सोप नको. कमावलेलं कातडं आम्लाच्या बाजूला असतं, पीएच साधारण ४-५, आणि सॅडल सोप अल्कलाइन. मॅजिक स्पंज म्हणजे मेलामाइन फोम, तो घासून काढतो, निळ्याबरोबर वरचा थरही जातो. तेलाचं तर नावच नको, ते खवट होतं.

धागाकर्ता

मनापासून आभार. थेंब ठेवून बघितला, उभाच राहिला. पण एक गंमत झाली, सीटखाली वाकलो तर सीटच्या बाजू आणि पाठीमागचा भाग वेगळाच वाटला, दाणा एकसारखा छापल्यासारखा. ते लेदर आहे का?

प्रतिसाद २

नाही, ते व्हिनाइल. बहुतेक गाड्यांत अंग टेकतं तेवढंच लेदर आणि बाकी व्हिनाइल असतं, रंग मात्र जुळवलेला. तोच सौम्य क्लीनर त्यालाही चालतो. सीट्सपुरती ती दोन्हीसाठीची बाटली वाईट नाही, फक्त त्यात सिलिकॉनची चमक नसावी.

प्रतिसाद ३

टॉपबद्दल मी सांगते, दोन टॉप वापरून झालीत. सीटचं व्हिनाइल सावलीत असतं, टॉपचं दिवसभर उन्हात. व्हिनाइल मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे, आणि ऊन आणि उष्णतेने ते हळूहळू निघून जातं, मग ते कडक होतं, आक्रसतं आणि घडीवर तडकतं. गेलेलं प्लास्टिसायझर कुठलीच बाटली परत भरत नाही, उरलंय ते टिकवायचं एवढंच हातात आहे. म्हणून टॉपला लागतं ते पाण्यावर आधारित यूव्ही प्रोटेक्टंट, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारं लिक्विड. पेट्रोलियम सॉल्व्हंट असलेली चमक दोन दिवस काळंभोर दिसते, पण व्हिनाइल आणखी कोरडं करते.

गाडी सावलीत लावा, वरचा पत्रा, आय मीन टॉप :), गार झालं की भरपूर पाण्याने धूळ आधी वाहू द्या. मग सौम्य शॅम्पू, मऊ ब्रश, छोट्या छोट्या भागात, आणि साबणाचा अंश राहणार नाही इतकं खंगाळा, कारण साबण शिवणीत वाळला की पुन्हा पांढरं. प्रेशर वॉशरचा फवारा शिवणीवर धरू नका. पूर्ण वाळलं की प्रोटेक्टंट पातळ लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. तुमचं पांढुरकंपण धुतल्यावर बरंच गेलं तर टॉप वाचलं समजा. वाळल्यावर परत पांढरं दिसलं आणि रेघेत बोटाने विणलेलं कापड लागलं, तर तिथला वरचा थर गेलाय, आज ना उद्या गळणार.

काळे ठिपके म्हणजे बुरशी, ओलं टॉप घडी करून ठेवल्याचा प्रसाद. पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून आतून पुसा आणि टॉप बंद ठेवून, दारं उघडी टाकून वाळवा. ब्लीच नको, शिवणीचा दोरा कुजतो. आणि टॉपमागच्या खाचेतली पाणी जायची भोकं नक्की बघा, पानं-माती अडकली की पाणी पायाखाली कार्पेटमध्ये जातं आणि कुबट वासाचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

प्लास्टिकची खिडकी कोरडी कधीच पुसायची नाही, प्रत्येक कण ओरखडा काढतो. पाणी सोडून मग मऊ सुती कापडाने, एकाच दिशेने. अमोनियावाला ग्लास क्लीनर आणि पेपर टॉवेल बंद. पिवळेपणा फार खोल नसेल तर प्लास्टिक पॉलिशने उजळते. थंडीत टॉप खाली करू नका, गार प्लास्टिक घडीवर सरळ फुटतं. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत (१९८९ ते १९९७) ही खिडकी झिपने सोडवता येते आणि टॉप पाडायच्या आधी सपाट आडवी ठेवता येते. तुमच्या गाडीला तशी झिप आहे का बघा, नसेल तर घडीत मऊ जुना टॉवेल घाला.

धागाकर्ता

झिप आहे! आणि ती चक्क चालते. भोकांपैकी डावीकडचं गच्च भरलं होतं, वायर न घालता पातळ प्लास्टिकची नळी हलकेच फिरवून मोकळं केलं, आता पाणी चाकामागे खाली पडतंय. टॉप धुऊन झालं, एक रेघ सोडली तर पांढरं परत आलं नाही. राहिला प्रश्न ड्रायव्हर सीटच्या भेगांचा आणि त्या राखाडी जागेचा, आणि जीन्सची निळी छटा फिकी झालीय पण गेली नाहीये.

प्रतिसाद २

ती राखाडी जागा म्हणजे कातडंच, क्रोमने कमावलेलं कातडं रंगाआधी निळसर राखाडी असतं. भेगा कंडिशनरने बुजत नाहीत. तिथे सगळा मेणचटपणा काढून, लेदरचा लवचिक फिलर पातळ पातळ थरात, वाळला की अगदी बारीक सॅंडपेपर हलक्या हाताने, मग सीटशी जुळता रंग आणि शेवटी मॅट सीलर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. रंग आधी सीटखाली लावून वाळू द्या, ओला असताना शेड वेगळी दिसते. निळ्यासाठी अजून एकदा क्लीनर मारा, त्याने नाही गेलं तर जीन्सचा डाय कोटिंगमध्ये उतरलाय, मग घासत बसू नका, सीटच्याच जुळत्या रंगाचा हलका हात तिथेही फिरवा आणि वर सीलर, म्हणजे पुढची जीन्स लगेच बसणार नाही. सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल तर त्या शिवणीवर फिलर किंवा रंग अजिबात जाऊ देऊ नका, ती शिवण वेळ आली की फाटावी म्हणूनच तशी घातलेली असते.