अमेरिकन दूतावासात समर इंटर्नशिप : ओसीआय आणि भारतातले नातेवाईक आड येतात का?

अनघा_एनजे
मुलगी न्यू जर्सीत पॉलिटिकल सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जन्म इथलाच, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड). पुढच्या उन्हाळ्यात स्टेट डिपार्टमेंटतर्फे (अमेरिकेचं परराष्ट्र खातं) परदेशातल्या दूतावासात इंटर्नशिप करायची आहे. मराठी चांगलं येतं म्हणून मुंबईची वकिलात मागायचा विचार आहे. आजी, काका, आत्या सगळे पुणे-साताऱ्याकडे. सिक्युरिटी क्लिअरन्सला, म्हणजे पार्श्वभूमी तपासून मिळणाऱ्या सरकारी मंजुरीला, अडचण येईल का? अर्ज कधी करायचा? आणि नागपूरच्या भाच्याला भारतीय पासपोर्टवर अर्ज करता येईल का?

सह्यकडा
आधी भाच्याचं. नाही, अमेरिकन नागरिकत्व ही पहिलीच अट आहे, ग्रीन कार्डही चालत नाही. त्याने भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप पाहावी. ती दिल्लीत असते, वर्षाला दोन सत्रं, दरमहा १०,००० रुपये मानधन, वयाची मर्यादा २५. परदेशातले काही भारतीय दूतावास स्वतंत्रपणेही विद्यार्थी घेतात, ते त्या त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर कळतं.

आता मुलीचं. उन्हाळ्याची जाहिरात साधारण आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यूएसएजॉब्सवर (अमेरिकी सरकारी नोकऱ्यांचं संकेतस्थळ) येते आणि थोडेच दिवस खुली राहते. मार्चमध्ये शोधायला बसलं तर वर्ष गेलं. ऑगस्टमध्येच तिथे खातं उघडून अलर्ट लावा. इंटर्नशिप संपल्यावर तिचं शिक्षण पुढे चालू असणं आवश्यक आहे. दुसऱ्या वर्षाला असल्याने तो प्रश्न नाही. कालावधी साधारण १० आठवड्यांचा. पूर्वी बहुतेक जागा बिनपगारी असायच्या, २०२२ पासून पगार सुरू झाला. नियम आणि जागांची संख्या दर वर्षी बदलते, म्हणून चालू जाहिरातच प्रमाण मानायची.

चांगल्या मुलांचे अर्ज बहुतेक वेळा कागदांवरून बाद होतात. ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका) जोडायची राहते, किंवा पोर्टलचा असा स्क्रीनशॉट जोडला जातो की त्यावर नाव आणि कॉलेज दिसतच नाही. अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट सहसा चालते, पण नाव, संस्था, क्रेडिट्स हे सगळं त्यावर हवं. रेझुमेत प्रत्येक कामाचा सुरू-शेवट महिना, वर्ष आणि आठवड्याचे तास लिहा. आता सरकारी नोकऱ्यांसाठी रेझुमे दोन पानांच्या आत लागतो.

मुळाकाठ
क्लिअरन्सबद्दल. नातेवाईक भारतात आहेत एवढ्यावरून कोणी नापास होत नाही. लपवलं, अर्धवट लिहिलं किंवा दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलं की अडतं. निवड झाल्यावर एसएफ-८६ हा पार्श्वभूमी-तपासणीचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. त्यात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे.

'नातेवाईक' या भागात आई-वडील, भावंडं येतात. तुम्हा दोघांचा जन्म भारतातला असेल तर तुमच्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटचे (अमेरिकन नागरिकत्व मिळाल्याचा दाखला) नंबर लागतील, ते आत्ताच शोधून ठेवा. आजी, काका, आत्या या यादीत नाहीत, पण गेल्या ७ वर्षांत ज्यांच्याशी जवळचा किंवा सततचा संबंध आहे असे परदेशी नागरिक वेगळ्या भागात लिहावे लागतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटणारी आजी त्यात येते, लग्नात एकदा भेटलेला चुलत मामा येत नाही. प्रत्येकाचा पत्ता, नोकरी, संपर्क कसा आणि किती वेळा, सरकारशी किंवा लष्कराशी संबंध आहे का, हे विचारतात. काका जिल्हा परिषदेत किंवा पोलीस खात्यात असतील तर तसं स्पष्ट लिहायचं.

घरोघरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे सातबारा. आजोबांच्या जमिनीवर नातीचं नाव लागलं असेल, आजीने बँकेत तिच्या नावाने संयुक्त एफडी ठेवली असेल, तर ती परदेशी मालमत्ता झाली. मुलीला माहीतही नसतं. पुण्याला फोन करून विचारा.

गेल्या ७ वर्षांचे परदेश प्रवास तारखांसह लागतात. १६ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, म्हणजे जुने शिक्के रद्द झालेल्या पासपोर्टात सापडतील. तो फेकू नका.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, भारत ते देतच नाही. फॉर्ममधल्या दुहेरी नागरिकत्वाच्या प्रश्नाला 'हो' लिहू नये, पण शेऱ्याच्या जागेत ओसीआयचा उल्लेख जरूर करावा. आणि गांजाच्या वापराबद्दलच्या प्रश्नाचं उत्तरही खरंच द्यायचं: न्यू जर्सीत तो कायदेशीर असला तरी संघीय कायद्यात नाही, फॉर्म संघीय आहे.

अनघा_एनजे
सातबाऱ्याचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. आजच सासूबाईंना विचारते. डॉर्मचे (कॉलेजच्या वसतिगृहाचे) पत्तेही लागतात का?

मुळाकाठ
हो, प्रत्येक वेगळा, मधल्या सुट्टीत घरी राहिली तेही. गेल्या ३ वर्षांतल्या पत्त्यांसाठी तिथे तिला ओळखणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि फोन द्यावा लागतो. रूममेटचे नंबर घेऊन ठेवायला सांगा.

खाडीपलीकडे
मुंबईची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ती मागायला हरकत नाही, पण तेवढीच एक मागू नका. जिथे जवळचं कुटुंब राहतं तिथल्या नेमणुकीची तपासणी जास्त बारकाईने होते आणि तारखा निघून जातात. कोलंबो, काठमांडू किंवा युरोपातला एखादा मध्यम दूतावासही विचारात घ्या. लहान ठिकाणी इंटर्नला बैठकीच्या नोंदी, अहवालांचे कच्चे मसुदे, सांस्कृतिक कार्यक्रमांची तयारी असं भरीव काम मिळण्याची शक्यता जास्त.

मुंबई मिळालीच तर एक गोष्ट घरच्यांनी आधी ठरवून घ्यावी. व्हिसा देण्याचा अधिकार कॉन्सुलर अधिकाऱ्यांचा असतो, इंटर्नचा नाही. 'तुझ्या ओळखीने मुलाखतीची तारीख बघ ना' असा आग्रह साताऱ्याहून होईल. मुलीने 'बघते' असंही म्हणू नये. ओळखीच्या कुणाचा अर्ज तिथे आहे हे कळलं तर आपल्या अधिकाऱ्याला सांगून त्या फाइलपासून दूर राहावं. हा हितसंबंधांचा प्रश्न आहे, इथे 'घरचंच आहे' चालत नाही.

सह्यकडा
आणखी एक, तिकिटाची घाई नको. निवडीचं पहिलं पत्र सशर्त असतं. क्लिअरन्स आणि परदेशी नेमणुकीसाठी लागणारी वैद्यकीय मंजुरी दोन्ही झाल्यावरच अंतिम पत्र येतं. दमा किंवा नियमित औषधं असतील तर डॉक्टरांची कागदपत्रं निवड झाली की लगेच द्या, उशिरा दिली तर त्यावरच महिना जातो. ज्या बँकेतून शिक्षणाचं कर्ज आहे तिथले हप्ते वेळेवर आहेत ना हेही पाहा, क्रेडिट रिपोर्ट काढतात. तुमचा एखादा मुलगा अर्ज करणार असेल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (गरज पडल्यास सक्तीच्या लष्करभरतीसाठी ठेवलेली तरुणांची सरकारी यादी) नोंदणी १८ पूर्ण होताच झालेली हवी.